भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट

दौलताबादचा किल्ला आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिला असेल. तेथील अंधारीचा वळणावळणाचा मार्ग मनुष्यानें छिन्नी-हातोड्यानें खोदला आहे. तो काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हारस होय. पाण्यानें तो झिजतो, परंतु सहजासहजीं विरघळत नाहीं. कोणाही पाथरवटाचा हात न लागतां केवळ पाण्यानें कोरलेल्या विस्तीर्ण गुहा पाहावयाच्या असतील, तर चुनखडीच्या प्रदेशांत गेलें पाहिजे. अशा गुहांत सांठलेला प्राचीन इतिहास आपल्या देशांत चिकाटीनें शोधणाऱ्या एका पुरुषाचें हें अल्प चरित्र आहे.

रॉबर्ट ब्रूस फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजीं इंग्लंडांतील चेल्टनहॅम येथें झाला. १८५८ सालीं ते हिंदुस्थानच्या भूगर्भ-पाहणी खात्यांत दाखल झाले. त्यांची पत्नी ही तमिळ भाषेचे जाणते मिशनरी रेव्हरंड पीटर पर्सिव्हल यांची कन्या. ३० मे १८६३ रोजीं मद्रासजवळील पल्लावरम येथें फूट यांना मनुष्यानें घडविलेलें एक दगडी हत्यार सांपडलें. या देशांत अतिप्राचीन काळीं मनुष्यवस्ती होती, याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

पुढें त्यांनीं बेळगांव, धारवाड व कलादगीकडील मुलखाची पाहणी केली. गोकाकजवळ सांपडलेल्या प्राचीन गेंड्याच्या अवशेषांचें वर्णन त्यांनीं १८७४ सालीं, आणि त्या मुलखाच्या भूरचनेवरील ग्रंथ १८७६ सालीं प्रसिद्ध केला. आपला काळा पाषाण तेथें संपतो व त्याहून कितीतरी जुने असे चुनखडीचे थर दृष्टीस पडूं लागतात.

चुनखडींत गुहा कशी होते, हें येथें समजून घेऊं. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कर्बवायु शोषून घेतें आणि किंचित आम्लधर्मी बनतें. असें पाणी दगडाच्या भेगांत शिरलें म्हणजे तो विरघळूं लागतो. हजारों वर्षांनीं भेगेची नळी होते व नळीचें भुयार होतें. नदीचें पात्र खोल गेलें कीं भूगर्भांतील पाण्याची पातळी उतरते आणि भुयार कोरडें पडतें. मग छतांतून ठिबकणाऱ्या थेंबांतील कर्बवायु उडून जातो व विरघळलेला चुना पुन्हां दगड होऊन बसतो. त्याचे वरून लोंबणारे आणि खालून वाढणारे स्तंभ तयार होतात. कोठें छत कोसळून उघडी घळ उरते. युरोपांत ट्रिएस्ट शहरामागील अशाच पठारावरून या प्रकारच्या भूमीस कार्स्ट हें नांव मिळालें आहे. दरम्यान पुरानें आलेला गाळ व प्राण्यांचीं हाडें गुहेंत थरावर थर सांठत जातात. जें पाणी दगड खातें, तेंच असा दप्तरखाना भरून ठेवितें.

कर्नूलकडील बिल्ला सुरगम येथील गुहांत हाडें असल्याचें कॅप्टन न्यूबोल्ड यांनीं १८४४ सालीं लिहिलें होतें. परंतु पुढें तें स्थान विस्मृतींत गेलें. सुमारें चाळीस वर्षांनीं फूट यांनीं तें बेतमचेर्ला गांवाजवळ पुन्हां हुडकून काढलें. खोदकाम पुढें त्यांचा पुत्र, सैन्यांतील अधिकारी हेन्री यानें चालविलें. कोणतें हाड कोणत्या थरांत मिळालें, याची नोंद ठेवण्यांत आली. रिचर्ड लिडेकर यांनीं १८८६ सालीं त्या हाडांचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यांत आज त्या रानांत नसलेला गेंडाही होता. मात्र फूट यांना मुख्य ओढ होती ती प्राचीन मनुष्याच्या खुणांची. कांहीं हाडें मनुष्यानें घडविलेलीं आहेत असें त्यांचें मत पडलें. पुढील संशोधकांनीं त्याविषयीं शंका घेतल्या. तथापि नोंदी राहिल्यामुळें ते श्रम वायां गेले नाहींत. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत याच गुहांतील थरांवरून गेल्या सुमारें दोन लक्ष वर्षांतील प्राणिजीवन पडताळून पाहण्यांत आलें.

फूट १८९१ सालीं सेवानिवृत्त झाले. त्यांचा संग्रह १९०४ सालीं मद्रासच्या संग्रहालयास मिळाला. २९ डिसेंबर १९१२ रोजीं कलकत्ता येथें त्यांचें देहावसान झालें.

पृथ्वीचें वय अब्जावधि वर्षांत मोजणारी विद्या मुलांची श्रद्धा डळमळवील, अशी भीति कित्येक पालकांस वाटते. परंतु निर्मात्याची कृति जशी आहे तशी वाचणें यांत श्रद्धेचा भंग कसला? भंग होतो तो थर विस्कटल्यानें. गुहेंतील माती एकदां उपसली कीं पूर्वीच्या क्रमानें ती कोणासही पुन्हां भरतां येत नाहीं. म्हणून, मुलांनो, सहलीस गेलां असतां जुनी वस्तु दिसली तर ती उचलूं नका. ती कोठें व कशी पडली आहे, तें आधीं वहींत लिहा आणि जाणत्यास दाखवा.