गुडघा वाचला म्हणून

'ट्वेंटीफोर' आठवतेय? अनिल कपूरने आपल्याकडे केलेली नव्हे, मूळ अमेरिकन. त्यात घड्याळाच्या काट्यावर जग वाचवत पळणारा जॅक बाऊर म्हणजे किफर सदरलँड. आज गोष्ट आहे त्याच्या आजोबांची, आईच्या वडिलांची. कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने २००४ मध्ये सर्वांत थोर कॅनेडियन कोण, यावर लोकांची मतं घेतली तेव्हा हे आजोबा पहिले आले. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल मागे पडले, हॉकीचा देव मानला जाणारा वेन ग्रेट्झकीसुद्धा.

आजोबांचं नाव टॉमी डग्लस. तुमच्यापैकी कुणी कॅनडाला शिकायला जायच्या तयारीत असेल, तर ही गोष्ट जरा नीट वाचा. तिथे उतरल्यावर ज्या हेल्थ कार्डावरून तुमचं डोकं फिरणार आहे, त्याचं मूळ या माणसाच्या गुडघ्यात आहे.

टॉमी जन्माने कॅनेडियन नव्हेच. १९०४ साली स्कॉटलंडमध्ये फॉल्कर्कजवळ त्याचा जन्म झाला. वडील लोखंड ओतायच्या कारखान्यात कामगार. लहानपणी तो पडला, उजव्या गुडघ्याला लागलं, आणि जखम हाडापर्यंत चिघळली. अँटिबायोटिक्स अजून यायची होती, त्यामुळे ऑपरेशनवर ऑपरेशन. त्यानंतर हे कुटुंब बोटीने कॅनडात विनिपेगला आलं. नवा देश, हातात पैसा नाही, आणि पोराचा पाय पुन्हा सुजलेला. धर्मादाय वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगून टाकलं, पाय कापावा लागेल.

मग नशीब आडवं आलं. एका नावाजलेल्या हाडांच्या सर्जनची नजर टॉमीवर पडली. केस इंटरेस्टिंग होती. ते म्हणाले, मी फुकट ऑपरेशन करतो, फक्त माझ्या विद्यार्थ्यांना बघू द्या. आईवडील हो म्हणाले आणि पाय वाचला.

गोष्ट इथे संपली असती तर 'देवमाणूस डॉक्टर' अशी एक फॉरवर्ड करण्याजोगी पोस्ट झाली असती. पण टॉमीच्या डोक्यात वेगळाच किडा राहिला. त्या दिवशी सर्जनना ही केस बोअर वाटली असती तर? बाप श्रीमंत असता तर मोठा डॉक्टर आपणहून आला असता. बाप गरीब, म्हणून पोराचा पाय कुणाच्या तरी कुतूहलावर टांगलेला. हा प्रश्न त्याने आयुष्यभर सोडला नाही.

तो पाय घेऊन पठ्ठ्या बॉक्सर झाला, हे आणखी भारी. १९२२ मध्ये मॅनिटोबा प्रांताचं लाइटवेट विजेतेपद त्याने जिंकलं. त्या सामन्यात नाक मोडलं, काही दात गेले. पुढच्या वर्षी विजेतेपद राखलंही. त्याआधी छापखान्यात उमेदवारी झाली होती, आणि १९१९ च्या विनिपेगच्या मोठ्या संपात पोलिसांनी गर्दीवर गोळ्या झाडलेल्या त्याने एका इमारतीच्या छपरावरून पाहिल्या होत्या. मग ब्रँडन कॉलेज, आणि तिथून चर्चचा धर्मोपदेशक.

१९३० साली तो सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न या छोट्या गावी रुजू झाला. सगळा गव्हाचा मुलूख. जागतिक मंदी आणि दुष्काळ दोन्ही एकदमच आले. पीक नाही, धुळीची वादळं, लोकांकडे डॉक्टरला द्यायला काही नाही. आजूबाजूच्या खेड्यांत तिशीतल्या दोन तरुणांचे अंत्यविधी त्याला करावे लागले. दोघांनाही लहान मुलं होती. डॉक्टर जवळ नव्हता आणि उपचाराला पैसे नव्हते, एवढ्यावरून गेले. प्रवचन देऊन भागत नाही हे कळल्यावर तो राजकारणात उतरला आणि १९३५ मध्ये सीसीएफ या नव्या समाजवादी पक्षातर्फे खासदार झाला.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवता येणार नाही. १९३३ च्या त्याच्या एमएच्या प्रबंधात काही माणसांची सक्तीने नसबंदी करावी, असा विचार होता. तेव्हाच्या शिकलेल्या जगात युजेनिक्सची ही खुळं जोरात होती, पण म्हणून ते बरं ठरत नाही. नंतर त्याने तो विचार टाकला आणि सत्तेत आल्यावर तसे कायदे करायला नकार दिला. थोर माणूस पहिल्या दिवसापासून थोर नसतो, हे या प्रबंधाइतकं स्वच्छ क्वचितच दिसतं.

१९४४ मध्ये सीसीएफने सस्कॅचेवानमध्ये ५२ पैकी ४७ जागा जिंकल्या. डग्लस प्रांताचे प्रमुख झाले, आणि आरोग्य खातं त्यांनी स्वतःकडेच ठेवलं. तुम्ही म्हणाल, अख्ख्या देशाचं का नाही केलं? कारण कॅनडात आरोग्य हा मुख्यतः प्रांतांचा विषय. जे करायचं ते आपल्या प्रांतात. तो प्रांतही कर्जबाजारी. म्हणून डग्लस तुकड्या-तुकड्याने गेले. १९४६ मध्ये स्विफ्ट करंट नावाच्या एका भागापुरती डॉक्टरांच्या उपचारांची योजना सुरू झाली. १ जानेवारी १९४७ पासून सगळ्या प्रांतासाठी हॉस्पिटल विमा आला. माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंब कितीही मोठं असलं तरी ३० डॉलरच्या वर नाही. उरलेला खर्च प्रांताच्या तिजोरीतून. उत्तर अमेरिकेत असं आधी कुणी केलेलं नव्हतं. योजना चालते हे दिसल्यावर केंद्र सरकारने १९५७ मध्ये कायदा करून प्रांतांच्या हॉस्पिटल खर्चाचा साधारण निम्मा वाटा उचलायचं ठरवलं.

पण हॉस्पिटल म्हणजे अर्धंच काम. साध्या तापाला, बाळंतपणाआधीच्या तपासणीला डॉक्टरची फी होतीच. डग्लसनी १९६० ची निवडणूक याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. डॉक्टरांच्या संघटनेचं म्हणणं होतं की उद्या सरकार आम्हाला नोकर करेल, पेशंटवर काय उपचार करायचे तेही सांगेल. खरं तर योजनेत डॉक्टर नोकर होतच नव्हता. दवाखाना त्याचाच, फक्त बिल पेशंटऐवजी प्रांताला. आजही कॅनडात बहुतेक ठिकाणी असंच चालतं.

१९६१ मध्ये डग्लस नव्या एनडीपी पक्षाचे राष्ट्रीय नेते झाले आणि प्रांताची सूत्रं वुड्रो लॉइड यांच्याकडे गेली. पुढच्या जूनमध्ये डग्लस रेजायनातून लोकसभेसारख्या तिथल्या सभागृहासाठी उभे राहिले. लोक इतके भडकलेले की स्वतःच्याच प्रांताच्या राजधानीत ते आपटले. १ जुलै १९६२ ला योजना लागू झाली आणि त्याच दिवशी बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. २३ दिवस संप. आई-बाप आजारी लेकरं घेऊन उघडा दवाखाना शोधत फिरत होते. सरकारने ब्रिटनहून डॉक्टर आणले. योजनेच्या विरोधात विधिमंडळासमोर मोठी सभा ठेवली होती, तिथे अपेक्षेपेक्षा खूपच कमी माणसं आली. शेवटी लॉर्ड टेलर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांच्या मध्यस्थीने सास्काटूनला तडजोड झाली. योजना राहिली. मला विचाराल तर या भागाचा हिरो लॉइड आहे. मार सगळा त्याने खाल्ला, आणि त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही.

१९६६ मध्ये देशाचा कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत सामील झाले.

आता तुमच्या कार्डाकडे येऊ. योजना प्रांताप्रांतातून वर आली, म्हणून कॅनडात आजही एकच एक राष्ट्रीय विमा नाहीये. १० प्रांत आणि ३ टेरिटरीज, प्रत्येकाचं कार्ड वेगळं, नियम वेगळे. केंद्राचा कायदा चौकट देतो आणि पैसा देतो. त्यामुळे तुमची मैत्रीण रेजायनाला पूर्ण वेळ शिकत असेल तर तिला प्रांताचं कार्ड मिळतं, आणि तुम्ही टोरंटोला असाल तर ओंटारिओच्या योजनेत परदेशी विद्यार्थी बसत नाहीत, तुम्हाला कॉलेज किंवा युनिव्हर्सिटीमार्फत वेगळा विमा घ्यावा लागतो. क्युबेकने काही देशांशी करार केलेत, तिथल्या विद्यार्थ्यांना कार्ड मिळतं. त्या यादीत भारत नाही. ब्रिटिश कोलंबियात आल्या-आल्या कार्ड लागू होत नाही, थांबावं लागतं, आणि विद्यार्थ्यांना दरमहा फी असते. मधल्या काळासाठी खासगी विमा इथूनच काढून न्या. नियम बदलतात, तेव्हा एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका, त्या प्रांताच्या अधिकृत माहितीतच बघा.

कार्ड मिळालं तरी सगळं फुकट नसतं. दातांचे उपचार, चष्मा, घरी घ्यायची औषधं हे त्या मूळ चौकटीत नाही. सस्कॅचेवानमध्ये, म्हणजे जिथे हे सगळं सुरू झालं तिथे, अँब्युलन्सचं बिल आजही घरी येऊ शकतं. आणि परक्या देशातून पाय सुजलेला पोरगा घेऊन उतरलेल्या कुटुंबाला कार्ड मिळेल का, पहिल्याच दिवशी की तीन महिन्यांनी, हे ते कुठल्या प्रांतात आणि कुठल्या परवान्यावर उतरले त्यावर ठरतं. डग्लसना हे कितपत पटलं असतं, असं राहून राहून वाटतं.

पेशंटकडून वर पैसे घेण्यावर लगाम घालणारा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट १९८४ मध्ये आला. त्याच वर्षी जूनमध्ये एका बसने डग्लसना धडक दिली. वय ७९. ते त्यातून उठले, आणि ८० पूर्ण करताना रोज पाच मैलांपर्यंत चालतो म्हणून सांगत होते. १९८६ च्या फेब्रुवारीत कॅन्सरने ते गेले. विनिपेगच्या वॉर्डात कापायचा ठरलेला तो पाय तोवर त्यांच्यासोबत होता.