पुण्याची खडानखडा खबर ठेवणारा घाशीराम कोतवाल शेवटी लोकांच्याच हातून मारला गेला

घाशीराम कोतवाल म्हटलं की आपल्याला आठवतं ते विजय तेंडुलकरांचं १९७२ चं नाटक. पण हा माणूस खरंच होऊन गेला. नाटकात तो पोटची मुलगी नाना फडणवीसांना देऊन कोतवाली मिळवतो, त्याला मात्र ठोस पुरावा नाही.

खरा घाशीराम सावळदास औरंगाबादकडचा, उत्तर भारतीय ब्राह्मण. पोट भरायला पुण्यात आला, नानांच्या मर्जीत बसला आणि १७७७ साली थेट शहराचा कोतवाल झाला.

आता कोतवाल म्हणजे नुसता पोलीसप्रमुख नव्हे. शहरात कोण आलं, कोण गेलं, कुणी घर विकलं, बाजारात काय भाव चाललाय, सगळ्याची नोंद त्याच्याकडे. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसेल तो थेट चौकीत. त्यात तो काळ राघोबादादांच्या कटकारस्थानांचा, इंग्रजांशी लढाईचा. नानांना संशयितांवर पाळत ठेवणारा माणूस हवाच होता आणि घाशीराम ते काम चोख करायचा.

गोची इथेच होती. नानांपर्यंत शहराची खबर पोहोचवणारा घाशीराम. मग घाशीरामविरुद्धची खबर पोहोचवणार कोण? लोक छळाच्या, पैसे उकळण्याच्या तक्रारी करत राहिले, त्याचं काहीच बिघडलं नाही. अशी १४ वर्षं गेली.

ऑगस्ट १७९१. श्रावणातल्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना घाशीरामच्या माणसांनी चोरीच्या आरोपाखाली पकडलं आणि एका कोंदट, अरुंद खोलीत कोंबलं. वीसच्या आसपास जण आत गुदमरून मेले.

हे कळलं ते मानाजी फाकडे या सरदाराला. त्यांनी कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढलं आणि प्रकरण थेट १७ वर्षांच्या सवाई माधवराव पेशव्यांच्या कानावर घातलं. कोतवालाला वगळून वर गेलेली ही खबर. इकडे संतापलेला जमाव नानांच्या दारात येऊन बसला. त्यांना चौकशी नको होती, घाशीराम हवा होता.

नानांनी तो दिला. आधी शहरभर धिंड निघाली, मग ३१ ऑगस्ट १७९१ ला गारपिरावर लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

नाना त्यानंतरही कारभारी राहिले.