पऱ्हाटी, पाचट आणि कणकवलीचे अप्पासाहेब

कापूस निघाला की आमच्या बीड जिल्ह्यात बांधावर पऱ्हाटी पेटते, उसाच्या फडात पाचट. लहानपणी मीही काडी लावलीय. यातून गॅस का काढत नाहीत, हे शोधताना मला अप्पासाहेब पटवर्धन सापडले.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, जन्म 1894. पुण्यात तत्त्वज्ञान शिकवायचे, ते सोडून गांधीजींकडे गेले. 1932 मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी मैला साफ करायचं काम मागितलं. ब्राह्मण कैद्याला ते काम मिळेना, म्हणून त्यांनी उपोषण केलं. येरवड्यातून गांधीजींनीही पाठिंब्याचं उपोषण केलं, तेव्हा सरकार हललं. घाण उचलू द्या म्हणून उपाशी राहणारा माणूस! मी तो भाग दोनदा वाचला.

पुढे कणकवलीला त्यांचा गोपुरी आश्रम उभा राहिला. तिथलं काम आपल्या भाषेत आर अँड डीच. मैल्यावर पालापाचोळा-माती टाकून खत करायचं, नाहीतर तो बंद टाकीत कुजवून गॅस काढायचा. म्हणजे कुणाला डोक्यावरून मैला वाहायला नको.

टाकीत हवा नसते. तिथे बॅक्टेरिया कुजवण्याचं काम करतात आणि मिथेन निघतो, त्यावर चूल चालते. गोवरी जाळली की नायट्रोजन धुरात जातो. टाकीत तो स्लरीत राहतो आणि शेताला परत मिळतो.

आता पाचट. बॅक्टेरियाला एक भाग नायट्रोजनमागे साधारण 25-30 भाग कार्बन लागतो. पाचटात कार्बन फार जास्त, मैल्यात फार कमी. त्यामुळे पाचट बारीक करून शेण-मैल्यात मिसळलं तर दोघांचं जमतं. पऱ्हाटी मात्र लाकडासारखी, टाकीत नीट कुजत नाही. तिचा भुगा दाबून ब्रिकेट केलेल्या बऱ्या, बॉयलरला चालतात.

अप्पासाहेब 1971 मध्ये गेले. त्यांच्याकडून शिकलेले देहूचे डॉ. मापुसकर यांनी संडासाला जोडलेला बायोगॅस पुढे नेला. त्यांना 2017 मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

हे सगळं वाचून मी घरी टाकीचा विषय काढला. शेणाला वडील लगेच तयार झाले. संडासाचा पाइप जोडू म्हटल्यावर आजीने भाकरी थापायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. त्या गॅसवर ती तवा ठेवणार नाही म्हणाली. मी तिला तुरुंगातली गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतली. सध्या टाकीत फक्त शेण आणि थोडं पाचट जातंय. पाइपाची जागा मी ठेवलीय, तोंड बंद करून.