खराटा स्वतःकडे, इमारती विश्वस्तांकडे

आषाढी म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. चार दिवसांत पंढरपूरची लोकसंख्या कित्येक पटींनी वाढते. नदीला पाणी नवे, गढूळ. वाळवंटात राहुट्या. वरून पाऊस. आज टँकर, क्लोरीन, फिरती शौचालये आणि आरोग्य खात्याची पथके यांच्या बळावर हे निभावते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते, आणि वारीबरोबर पटकी येणार हे जवळजवळ गृहीत धरलेले असे. पटकी म्हणजे कॉलरा. १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत पटकीच्या प्रसाराचा संबंध तीर्थयात्रांशी जोडला गेला आणि पुढे ब्रिटिश सरकारच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी पंढरपूरच्या यात्रेवर कायमची नजर ठेवली.

नजर ठेवणे सोपे होते. वारकऱ्याने रात्री झोपायचे कुठे, सकाळी बसायचे कुठे आणि प्यायचे काय, हे प्रश्न मात्र तसेच राहिले. जात ‘खालची’ ठरवलेल्या वारकऱ्यासाठी ते आणखी अवघड होते. मठ, वाडे, बडव्यांची घरे त्याला बंद. ज्या चोखोबांची समाधी देवळाच्या महाद्वारासमोर आहे, त्यांच्याच जातीच्या माणसाला पावसात अंग टेकायला चार हात जागा मिळत नव्हती. उघड्यावर झोपणारा उघड्यावरच शौचाला जाणार आणि त्याच नदीचे पाणी पिणार. पटकीच्या जंतूला याहून सोयीची व्यवस्था कोणी करून दिली नसती.

या जागेवर गाडगेबाबा उभे राहिले. त्यांना आपण संत म्हणतो, समाजसुधारक म्हणतो, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान चालवतो. मला आज त्यांच्याविषयी लिहायचे आहे ते आरोग्य संस्था उभ्या करणारा माणूस म्हणून. संस्था उभी करून ती दुसऱ्यांच्या हाती सोपवण्याची त्यांची रीत आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी नीट पाहावी अशी आहे.

मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी, परीट कुटुंबात. वडील दारूपायी गेले तेव्हा डेबू लहान होता. आई सखूबाई त्याला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला माहेरी आली. मामाच्या घरी गुरे राखत आणि शेती करत मुलगा मोठा झाला, लग्न झाले, मुले झाली. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत उठायला हवी होती. डेबूजींनी गोडाचे जेवण घातले आणि भावकीचा रोष ओढवून घेतला. व्यसनमुक्तीची आज जी शिबिरे होतात, त्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट, आणि त्यामागे पुस्तकी अभ्यास नव्हता. बापाचे काय झाले ते पाहिलेले होते, एवढेच.

१९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्यांचे गोधडीवजा वस्त्र, हातात मातीचे गाडगे आणि खराटा. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, गटार मोकळे करायचे. कोणी पाया पडायला आले तर त्याला पडू द्यायचे नाही. मिळेल ती भाकरी गाडग्यात घेऊन खायची. रात्री कीर्तन. कीर्तनात ते प्रश्न विचारत, समोरच्या माणसाकडूनच उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरातून कर्ज, दारू, पशुहत्या, शिवाशिव, घाण यांवर बोट ठेवत. शिकलेल्या माणसाने दिलेले आरोग्यविषयक व्याख्यान लोक ऐकून विसरतात. इथे मात्र दिवसा ज्याने आपल्या दारातली घाण उचलली, तोच रात्री बोलत असे. हा फरक आरोग्य शिक्षणाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात शिकवायला हरकत नाही.

त्या काळी पटकीवर उपचार म्हणण्यासारखे फार काही नव्हते. रोगजंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८०च्या दशकात ओळखला होता. हाफकिन यांची लस १८९३ नंतर भारतात वापरात आली. कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी शिरेतून क्षारयुक्त पाणी देऊन मृत्यू कमी करता येतात हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दाखवले. पण ते पाणी चढवणारा डॉक्टर वाळवंटात कुठून आणायचा? मीठ-साखरेच्या पाण्याचा साधा उपाय सर्वांच्या हाती यायला १९७० चे दशक उजाडावे लागले. तोवर जीव वाचवण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: विष्ठा आणि पिण्याचे पाणी यांची गाठ पडू न देणे. त्यासाठी छप्पर, संडास, विहीर, आणि हे सगळे झाडून स्वच्छ ठेवणारी माणसे लागतात. धर्मशाळा हा शब्द आपल्याला धार्मिक वाटतो. पंढरपुरात ती आरोग्याची इमारत होती.

१९१७ च्या सुमारास गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली, ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांच्यासाठी. मग तिथेच मराठा धर्मशाळा. त्याआधी ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट झाला होता. पुढे मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा, नाशिकला धर्मशाळा आणि सदावर्त, आळंदी, देहू. अंध, अपंग, महारोगी यांना जेवण आणि कपडे देणे हा या ठिकाणांचा नेहमीचा क्रम. कुष्ठरोग्याच्या सावलीलाही लोक भीत, अशा काळात बाबा त्यांना स्वतः वाढत.

पैसा लोकांचा होता. कीर्तनाला हजारो लोक येत, त्यांत शेतकरी असत तसे व्यापारीही. बाबांना हातात पैसे दिलेले चालत नसे. धर्मशाळेच्या कामावर द्या, चुना द्या, लाकूड द्या. अशा रीतीने मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आणि इथेच तो प्रश्न येतो, ज्यावर आपल्याकडच्या कितीतरी चांगल्या संस्था फुटतात: हे सगळे कोणाचे?

बाबांचे उत्तर होते, आपले नाही. प्रत्येक ठिकाणी त्यांनी कारभार पाहायला माणसे नेमली, मंडळे केली, विश्वस्त ठेवले आणि स्वतः पुढच्या गावाला निघून गेले. मालमत्तेवर आपला किंवा आपल्या नातेवाइकांचा हक्क राहणार नाही याची व्यवस्था केली. पत्नी कुंताबाई आणि मुलांच्या वाट्याला या वैभवातले काही आले नाही. मूर्तिजापूरला ती मंडळी साधेपणाने, कष्टात राहिली. ही गोष्ट सांगताना आपण बाबांच्या त्यागाचे कौतुक करतो. त्याची किंमत कुंताबाईंनी चुकवली, हे सहसा बोलले जात नाही. नवऱ्याने निवडलेले वैराग्य त्यांच्या संसारावर येऊन पडले होते, आणि त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही.

मुलगा गोविंदा १९२३ मध्ये कुत्रा चावल्याने गेला. पाश्चर यांची रेबीजवरची लस १८८५ पासून माहीत होती, पण ती मोजक्या ठिकाणी मिळे आणि पोटावर टोचून घ्यायची असे. जुन्या वाचकांना ती चौदा इंजेक्शने आठवत असतील. बातमी आली तेव्हा बाबा कोकणात कीर्तनात होते, आणि ते त्यांनी थांबवले नाही, असे त्यांच्या चरित्रांत येते. मला हा प्रसंग वाचून प्रत्येक वेळी थोडे अस्वस्थ व्हायला होते. ज्या माणसाने हजारोंचे जंतूंपासून रक्षण केले, त्याच्या घरात मात्र प्रतिबंध करता येणाऱ्या आजाराने मृत्यू झाला.

विश्वस्त या शब्दाचा अर्थ कायद्याने सांगायचा तर दुसऱ्याच्या भल्यासाठी मालमत्ता सांभाळणारा माणूस. तिच्यातून स्वतःचा फायदा करून घ्यायचा नाही, हिशेब चोख ठेवायचा, तपासून घ्यायचा. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मध्ये आला आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, हिशेब तपासणी हे सगळे बंधनकारक झाले. मी स्वतः काही वर्षे एका छोट्या आरोग्य संस्थेच्या विश्वस्त मंडळावर होतो. सगळे बिनपगारी, सगळे भले लोक. तरी एका सभेत दवाखान्यातल्या औषधांच्या तुटवड्यावर दहा मिनिटे आणि देणगीदाराच्या नावाची फरशी कुठे बसवायची यावर दीड तास चर्चा झाली होती. फरशी कुठे बसवायची यावर मीही हिरिरीने बोललो होतो, हे कबूल करतो. बिनपगारी माणसाला पैशाचा मोह आवरता येतो. आपण ही संस्था चालवतो या भावनेचा मोह फार चिवट असतो, आणि संस्थापकाला तो सर्वांत जास्त.

म्हणून १९४९ ची गोष्ट महत्त्वाची. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. साने गुरुजींच्या १९४७ च्या उपोषणानंतर विठ्ठलाचे देऊळ सर्वांना खुले झाले होते. आता राहायच्या जागेइतकीच शिक्षणाची गरज होती आणि ते काम करणारी संस्था उभी होती. तीस वर्षे जपलेली, स्वतःच्या नावाशी जोडली गेलेली इमारत दुसऱ्या संस्थेला देऊन टाकायची, तीही तिचा उपयोग बदलणार हे माहीत असताना! माझ्या पाहण्यातल्या फार थोड्या मंडळांनी असा ठराव मनापासून मंजूर केला असता.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि विखुरलेल्या कामांना एक घर मिळाले. बाबा तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेले होते. आपल्यामागे हे कोण बघणार, याचे उत्तर जिवंतपणी देऊन ठेवणे हेही आरोग्य संस्थेचे कामच आहे. रुग्णाला संस्थापक जिवंत आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते, उद्या दार उघडे असेल का एवढेच त्याला हवे असते. याच शेवटच्या वर्षांत मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. रुग्णालयात खाट रुग्णाला मिळते. त्याच्याबरोबर गावाहून आलेली बायको किंवा भाऊ पदपथावर झोपतो, तिथेच खातो आणि बऱ्याचदा तिथेच आजारी पडतो. पंढरपूरच्या वाळवंटात जे दिसले होते तेच बाबांना मोठ्या इस्पितळाच्या फाटकाबाहेर दिसले असावे.

६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच बाबांनी प्राण सोडला. जवळ घेऊन जाण्यासारखे किंवा मागे वाटण्यासारखे काही नव्हते.

मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणारे गरीब रुग्ण आणि त्यांची माणसे तिथे अगदी थोड्या पैशांत राहतात. आता आपल्या जिल्ह्यात बार्शीला कर्करोगाचे रुग्णालय आहे, सोलापुरातही सोयी वाढल्या आहेत, त्यामुळे पूर्वीइतकी धावपळ राहिलेली नाही. तरीही काही रुग्णांना मुंबई गाठावीच लागते. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघायचे आणि पहाटे दादरला उतरायचे. फाईल, क्ष-किरणांची पाकिटे, भाकरीचे गाठोडे आणि खिशात कोणीतरी कागदावर लिहून दिलेला त्या धर्मशाळेचा पत्ता.