लू ग्रोझा : अंगठ्याने नाव मिळवलेला खेळाडू

फुटबॉल म्हटले की आपल्या बेटावरील लहान मुलाच्याही डोळ्यांपुढे गोल चेंडू, जाळी आणि गोलरक्षक उभा राहतो. अमेरिकेत मात्र याच नावाने एक निराळाच खेळ चालतो. त्यातला चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. बहुतेक वेळ तो हातात घेऊन पळायचा किंवा हाताने फेकायचा. पायाचे काम फारच थोडे. पण हे थोडे काम सामन्याच्या अगदी नाजूक घडीला येते आणि ते एकाच माणसावर सोपवलेले असते. असे काम एकवीस हंगाम करणाऱ्या लू ग्रोझा यांचे चरित्र आज सांगावयाचे आहे. अमेरिकेतील लोक त्यांना 'द टो' म्हणत. टो म्हणजे पायाचा अंगठा.

लू ग्रोझा यांचा जन्म २५ जानेवारी १९२४ रोजी ओहायो राज्यातील मार्टिन्स फेरी या गावी झाला. ओहायो नदीकाठचे हे गाव पोलाद आणि कोळशाच्या कामावर जगणारे. आईवडील युरोपातील ट्रान्सिल्व्हानिया प्रांताकडून पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडून आलेले. वडिलांनी पोलादाच्या कारखान्यासमोर एक दारूचे दुकान चालवले. कारखान्याच्या भोंग्यावर ज्या दुकानाची गिऱ्हाइके येतात आणि जातात, त्या घरातले दिवस कसे असतात हे आपल्याकडील साखर कारखान्यांच्या गावांत वाढलेल्यांना समजावून सांगायला नको. घरात चार मुलगे. लू तिसरे आणि ॲलेक्स सर्वांत धाकटा.

थोरला भाऊ फ्रँक याने लूला चेंडू जमिनीवर उभा ठेवून पायाने मारण्याचे तंत्र शिकवले. मैदान नव्हते, तेव्हा ही मुले रस्त्यातच खेळत आणि रस्त्यावरून गेलेल्या टेलिफोनच्या तारा हेच त्यांचे गोलाचे खांब. तारेवरून चेंडू गेला की किक बसली. शाळेत लू फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल हे तिन्ही खेळ खेळले. १९४१ साली त्यांच्या शाळेने बास्केटबॉलमध्ये राज्याचे अजिंक्यपद मिळवले. अंगाने ते धिप्पाड होते, सहा फूट तीन इंच.

१९४२ साली खेळाच्या शिष्यवृत्तीवर ते ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाले. तेथे पॉल ब्राऊन हे प्रशिक्षक होते. हे नाव ध्यानात ठेवावे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या संघातून लू जेमतेम तीन सामने खेळले आणि युद्धाची हाक आली. १९४३ साली ते सैन्यात गेले. सैन्याने या दांडग्या तरुणाच्या हाती बंदुकीऐवजी शस्त्रक्रियेची हत्यारे सांभाळण्याचे काम दिले. ९६ व्या पायदळ डिव्हिजनबरोबर ते फिलिपाइन्समधील लेटे बेटावर आणि नंतर ओकिनावावर होते. आघाडीच्या मागे तंबूतल्या इस्पितळात जखमी आणले जात. हातपाय तुटलेले, डोळे गेलेले, आपल्याच वयाचे सैनिक त्यांनी रोज पाहिले. पुढे हजारो प्रेक्षकांसमोर किक मारताना हा माणूस इतका शांत कसा राहतो, याचे लोकांना नवल वाटे. मला वाटते, ज्याने विसाव्या-एकविसाव्या वर्षी ते तंबू पाहिले त्याला चेंडू खांबांतून जातो की नाही ही काळजी निराळ्याच मापाची वाटत असणार.

त्याच तंबूत १९४५ साली त्यांना एक पार्सल आले. पॉल ब्राऊन क्लीव्हलँड शहरात एक नवा व्यावसायिक संघ उभारीत होते आणि त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला फुटबॉलचे चेंडू आणि सही करण्यासाठी करारपत्र धाडले होते. युद्ध संपेपर्यंत महिना ५०० डॉलर आणि नंतर वर्षाला ७,५०० डॉलर असा तो करार होता. पदवी हातात नाही, तीन सामन्यांपलीकडे अनुभव नाही, आणि माणूस अर्ध्या जगापलीकडे रणांगणावर! तरी ब्राऊन यांनी पारखले आणि ग्रोझा यांनी सही केली. शिक्षण मात्र त्यांनी सोडले नाही. खेळाचा हंगाम संपला की विद्यापीठात जाऊन त्यांनी १९४९ साली व्यापारशास्त्राची पदवी पुरी केली. शिक्षक म्हणून मला त्यांच्या चरित्रातील ही गोष्ट फार आवडते, म्हणून मुद्दाम सांगितली.

आता त्या किकविषयी थोडे. या खेळात चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेले की सहा गुण मिळतात; त्याला टचडाऊन म्हणतात. त्यानंतर एक जादा गुण किक मारून मिळवता येतो. आणि टचडाऊन साधत नसेल तर दुरूनच दोन उंच खांबांमधून, आडव्या दांड्यावरून चेंडू पायाने पार केला तर तीन गुण मिळतात. हे ऐकायला सोपे आहे. पण तेथे चेंडू मधल्या खेळाडूने दोन पायांमधून मागे फेकायचा, गुडघ्यावर बसलेल्या सोबत्याने तो झेलून जमिनीवर उभा धरायचा आणि किक मारणाराने दोन पावले टाकून मारायचा, हे सारे सुमारे दीड सेकंदात उरकावे लागते. कारण समोरून अकरा आडदांड गडी अंगावर धावून येत असतात. फेक जराशी उंच गेली, धरणाराचा हात जरासा चुकला, तरी दोष मात्र किक मारणाराच्या नावावर.

ग्रोझा सरळ समोरून येत आणि चौकोनी टोकाच्या बुटाने, अंगठ्याच्या बाजूने चेंडू मारीत. आपल्याकडे मुलांना आपण सांगतो की अंगठ्याने मारू नकोस, पायाच्या आतल्या बाजूने मार. ग्रोझांच्या काळी अमेरिकेत अंगठ्याची किक हीच रीत होती. दिशा चुकू नये म्हणून ते सुमारे सहा फूट लांबीची चिकटपट्टी जमिनीवर पसरून ठेवीत आणि त्या रेषेवरून पाय टाकीत. पुढे १९५६ साली लीगने अशा साधनांना बंदी घालणारा नियमच केला. एका माणसाच्या चिकटपट्टीसाठी नियम करावा लागला, यातच सारे आले.

१९४६ साली क्लीव्हलँड ब्राऊन्स संघ एका नव्या लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी ब्राऊन यांनी मॅरियन मोटली आणि बिल विलिस या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना संघात घेतले. अमेरिकेच्या मोठ्या खेळांत वर्णभेदाची भिंत तेव्हा नुकतीच तडकू लागली होती आणि बेसबॉलमधील जॅकी रॉबिन्सनचे गाजलेले पदार्पण अजून एक वर्ष दूर होते. या संघाने १९४६ पासून १९४९ पर्यंत चारही वर्षे त्या लीगचे अजिंक्यपद जिंकले. १९४८ साली तर एकही सामना गमावला नाही. ग्रोझा आरंभी मुख्यतः किक मारणारे होते. लवकरच ते डाव्या बाजूचे टॅकल झाले. म्हणजे आपल्या चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर कोणी तुटून पडू नये म्हणून पुढे भिंतीसारखे उभे राहायचे. हे काम कष्टाचे, आणि टाळ्यांचे मुळीच नाही. लोकांनी नाव दिले अंगठ्याला, पण ग्रोझा स्वतःला आधी टॅकल समजत. सारा सामना धक्काबुक्की करून दमलेल्या पायांनी त्यांना किक मारावी लागे, हे त्यांचे आकडे वाचताना विसरता कामा नये.

पुढे ती लीग मोडली आणि १९५० साली ब्राऊन्स जुन्या, प्रतिष्ठित एन. एफ. एल. मध्ये आले. नवख्यांची आता फजिती होणार असे पुष्कळांना वाटत होते. पण ब्राऊन्स अंतिम सामन्यापर्यंत पोचले. २४ डिसेंबर १९५०, नाताळचा आदला दिवस. क्लीव्हलँडच्या सरोवराकाठच्या मैदानात हाडे गोठवणारा वारा. समोर लॉस एंजेलिस रॅम्स. या सामन्यात ब्राऊन्सच्या दुसऱ्या टचडाऊननंतर जादा गुणाच्या वेळी फेक बिघडली आणि ग्रोझांना किक मारताच आली नाही. तो एक गुण गेला. शेवटच्या सत्रात रॅम्स २८, ब्राऊन्स २७. गेलेला तो एक गुणच आडवा आला होता. शेवटची तीनेक मिनिटे उरली असता ब्राऊन्सचा नायक ऑटो ग्रॅहम याच्या हातून चेंडू सुटला आणि सगळे संपले असे वाटले. पण चेंडू पुन्हा मिळाला. दोन मिनिटांहून कमी वेळात ग्रॅहमने संघाला रॅम्सच्या दारात नेऊन उभे केले. २८ सेकंद उरले होते. अंतर अवघे १६ यार्ड. जवळची किक असली म्हणजे चुकत नाही असे नाही. त्याच सामन्यात रॅम्सच्या बॉब वॉटरफील्डची जवळची किक हुकली होती. ग्रोझांची हुकली नाही. ३० विरुद्ध २८. ज्यांनी नवख्यांना हसून घेतले होते त्यांची तोंडे बंद झाली.

मात्र त्यांच्या वाट्याला सगळे गोडच आले असे नाही. त्याच सुमारास घरात मोठा आघात झाला. धाकटा भाऊ ॲलेक्स हा बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू. केंटकी विद्यापीठाला त्याने १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवून दिली. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले. १९५१ साली उघडकीस आले की विद्यार्थीदशेत त्याने जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन संघाचे गुण मुद्दाम कमी होऊ दिले होते. व्यावसायिक लीगने त्याला कायमचे बंद केले. तेव्हा तो पंचवीस वर्षांचा होता. एकाच छपराखाली वाढलेले दोन भाऊ. एकाच्या नावाचा जयघोष होत होता आणि दुसऱ्याचे तेच आडनाव वर्तमानपत्रांत काळ्या मथळ्यात छापले जात होते. ॲलेक्सने पुढे प्रशिक्षक म्हणून काम केले, पण जे गेले ते परत मिळाले नाही. १९९५ साली तो वारला.

लू यांच्याही हातून सामने निसटले. १९५१ च्या अंतिम सामन्यात त्यांनी ५२ यार्डांवरून किक बसवली, अंतिम सामन्यातील तो विक्रमच होता, तरी रॅम्स जिंकले. १९५२ साली डेट्रॉईट लायन्सविरुद्ध त्यांच्या तीन किक चुकल्या. बरगड्यांना तडे गेले असताना ते खेळत होते. १९५३ च्या हंगामात त्यांनी २६ पैकी २३ किक बसवल्या. त्या काळी निम्म्या बसल्या तरी संघ समाधान मानीत. हे प्रमाण पुढे २८ वर्षे, १९८१ पर्यंत, कोणाला ओलांडता आले नाही. आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी तीन किक बसवूनही डेट्रॉईटने शेवटच्या काही मिनिटांत टचडाऊन करून १७-१६ असा सामना जिंकला. खेळातला न्याय असा असतो. १९५४ आणि १९५५ साली मात्र ब्राऊन्स पुन्हा अजिंक्य ठरले आणि १९५४ साली एका मोठ्या क्रीडा साप्ताहिकाने ग्रोझांना वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडले.

१९६० साली पाठीच्या दुखण्याने त्यांना घरी बसवले. छत्तीस वर्षांचा माणूस, विम्याचा धंदा सुरू झालेला, घरी पत्नी जॅकी आणि मुले. तेथे थांबले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण १९६१ साली नवे मालक आर्ट मोडेल यांच्या आग्रहाने ते परत आले, आता फक्त किक मारण्यासाठी. २७ डिसेंबर १९६४ रोजी बाल्टिमोर कोल्ट्सविरुद्धच्या अंतिम सामन्यात अर्ध्या वेळेपर्यंत कोणाचाही गुण झाला नव्हता. मग चाळीस वर्षांच्या ग्रोझांनी ४३ यार्डांवरून किक बसवून कोंडी फोडली आणि ब्राऊन्स २७-० असे जिंकले. १९६७ चा हंगाम त्यांचा शेवटचा. ब्राऊन्सच्या पहिल्या संघातील तेवढे एकटेच उरले होते. दोन्ही लीग मिळून त्यांच्या नावावर १,६०८ गुण जमले. १९७४ साली त्यांना व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मान मंदिरात स्थान मिळाले.

एव्हाना किकची रीतच बदलत होती. १९६४ साली पीट गोगोलाक नावाचा हंगेरीतून आलेला तरुण बाजूने धावत येऊन, आपल्या फुटबॉलसारखी पायाच्या वरच्या भागाने किक मारू लागला. लोकांनी आधी थट्टा केली, मग अनुकरण केले. ग्रोझांचा १९५३ चा विक्रम मोडणारा यान स्टेनेरूड हा नॉर्वेचा, आणि तोही याच रीतीचा.

निवृत्तीनंतर ग्रोझा क्लीव्हलँडजवळ बेरिया येथे राहिले आणि विम्याचा व्यवसाय केला. संघात नवी मुले आली की त्यांना घरी बोलावून जेवू घालीत. १९९२ पासून महाविद्यालयीन खेळाडूंमध्ये किक मारणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूला त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो. तो घेणारी मुले बाजूने धावत येऊन किक मारणारी आहेत. १९९५ साली मोडेल यांनी ब्राऊन्स संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले, तेव्हा ग्रोझांना फार दुःख झाले. १९९९ साली क्लीव्हलँडला ब्राऊन्स नावाचा संघ पुन्हा मिळाला, तो त्यांनी पाहिला. उतारवयात त्यांना कंपवाताने ग्रासले होते. २९ नोव्हेंबर २००० रोजी पत्नीबरोबर बाहेर जेवण झाल्यावर हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. ते ७६ वर्षांचे होते. त्यांच्या सदऱ्यावरचा क्रमांकही ७६. पुढल्या हंगामात ब्राऊन्सच्या खेळाडूंनी आपल्या शिरस्त्राणांवर तो आकडा लावला, आणि बेरिया येथील संघाच्या कचेरीचा पत्ता आहे ७६, लू ग्रोझा बुलेव्हार्ड.