सावित्रीबाईंची अठ्ठावीस महिन्यांची सेवा

दर वर्षी ३ जानेवारीला आपण मंडळात सावित्रीबाई फुले यांची जयंती साजरी करतो. मुली भाषणे करतात. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात निघालेली शाळा आणि वाटेत अंगावर आलेले शेणगोळे आता सर्वांना पाठ झाले आहेत. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. त्यांच्या शाळांविषयी विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यात मी काय भर घालणार? पण त्यांनी घरी केलेली आजारी पतीची सेवा भाषणात फारशी येत नाही. तिच्याविषयी मी माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे लिहीत आहे.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली सातारा जिल्ह्यातील नायगावी झाला. १८४० साली, नऊ वर्षांच्या असताना, त्यांचे जोतीरावांशी लग्न झाले. पतीने शिकविले, त्या शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. पुढे फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे त्यांनी आपल्या घरात केली. त्यांतील एका विधवेचा मुलगा यशवंत यास या दांपत्याने दत्तक घेतले. दुसऱ्याचे दुखणे आपले मानण्याची सवय त्या घराला अशी आधीपासूनच होती.

मे १८८८ मध्ये मुंबईच्या लोकांनी जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगाचा झटका आला व उजवी बाजू लुळी पडली. सावित्रीबाईंचे वय तेव्हा सत्तावन्न होते. स्नेही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. पण अर्धांग पूर्ण बरे करणारे औषध तेव्हा नव्हते. तेथून २८ नोव्हेंबर १८९० पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस महिने, हे दुखणे घरात होते.

अर्धांगाच्या माणसाचे काय काय करावे लागते, हे ज्यांच्या घरी झाले त्यांना सांगावयास नको. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. उशाशी आधार देऊन, बसवून घास भरवावा लागतो, नाही तर ठसका लागतो. तोंड धुणे, अंग पुसणे, अंथरूण बदलणे, मलमूत्र काढणे, सगळे वेळच्या वेळी. यांत औषध थोडे आणि हात फार लागतात.

परंतु या दुखण्यात आणखी एक गोष्ट घडली. जोतीरावांचा उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहिले. १८८९ च्या एप्रिलमध्ये त्याची प्रस्तावना झाली आणि १८९१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, यशवंतरावांनी ते छापले. फेब्रुवारी १८८९ मध्ये यशवंतरावांचे लग्नही झाले. म्हणजे त्या घराने आजाऱ्याला मेल्यात जमा केले नाही. बरे करणे हाती नव्हते, तरी जगू देणे हाती होते.

माझ्या सासूबाई अर्धांगाने अकरा महिने अंथरुणावर होत्या. आता काही उरले नाही, घरी न्या, एवढेच आम्हाला एका मोठ्या दवाखान्यात सांगितले. घरी नेऊन काय करावे, ते कोणी सांगितले नाही. हळूहळू कळू लागले. सुपात मूठभर तुरीची डाळ दिली की त्या चांगल्या हाताने निवडीत बसत. डाळ थोडी निवडली जाई, पण त्या दिवशी जेवण दोन घास जास्त जाई. तेव्हापासून जोतीरावांचा डावा हात मला निराळाच दिसतो.

दुसरी गोष्ट इच्छेची. जोतीरावांनी झटका येण्याच्या एक वर्ष आधी, १८८७ साली, धडधाकट असतानाच मृत्युपत्र केले होते. आपल्या देहाला मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेची परवानगी न मिळाल्याने दहन करावे लागले. पण घरच्यांना त्यांची इच्छा ठाऊक होती, हे महत्त्वाचे. आपण मात्र आजाऱ्यासमोर मरणाचा विषय काढणे अशुभ मानतो. शेवटी कसले उपचार हवेत व कसले नकोत, हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला. २०२३ साली पद्धतही सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घेता येतो.

तिसरी गोष्ट मदतीची. त्या घरी पैशाची ओढाताण होती. १८९० साली मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून फुले कुटुंबासाठी मदत मागितली. एवढ्या थोर घराला मदत घेण्यात कमीपणा वाटला नाही, मग आपल्याला का वाटावा? कर्करोगाच्या असह्य वेदनेवर डॉक्टरांच्या चिठ्ठीने मॉर्फिनच्या गोळ्या मिळू शकतात. आजाऱ्याने कण्हत राहावे असा काही नियम नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी आशाताईंना व आरोग्य केंद्राला जरूर विचारावे.

जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, म्हणून सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले, असे सांगतात. पुढेही त्या थांबल्या नाहीत. १८९३ साली सासवडच्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या. १८९७ च्या प्लेगात डॉक्टर झालेल्या यशवंतरावांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला.

भगिनींनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातून नागपूर, सेवाग्रामच्या खेपा करून माणूस शेवटी घरीच येतो, आणि त्याची खाट बहुधा एकाच बाईच्या गळ्यात पडते. कापूस वेचणीच्या दिवसांत तर तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. माझी मंडळाला नम्र विनंती आहे की, ज्या सभासदाच्या घरी असे दुखणे असेल, तेथे आपण पाळीपाळीने रोज दोन तास जाऊन बसावे. तेवढ्यात ती आंघोळ करील, झोप घेईल, शेतावर जाऊन येईल. ३ जानेवारीला हार घालताना अशा घरांची यादीही वाचली जावी.