उजेडाचा डॉक्टर

पंधरा जणांत अकरावा नंबर! तोही वयाच्या २१ व्या वर्षी, शालेय शिक्षण संपवताना. त्याआधीच्या शाळेतल्या मुख्याध्यापकांनी तर पोरगा मनाचा चांगला, पण कुवत आणि उत्साह दोन्ही बेताचेच, असा शेरा मारून ठेवलेला. हा पोरगा म्हणजे नील्स फिन्सेन, १९०३ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल विजेता.

जन्म १८६० चा, फॅरो बेटांवरचा. शाळा आइसलँडमध्ये संपवून तो कोपनहेगनला आला आणि १८९० मध्ये डॉक्टर झाला. राहायची खोली उत्तरेकडे तोंड असलेली, ऊन नाही. (आपल्या हॉस्टेलमध्ये अशा खोलीत राहणाऱ्यांना कळेल!) अंगात सतत थकवा. उन्हात गेलं की बरं वाटायचं. मग उजेड शरीरात नेमकं करतो काय, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. १८९३ मध्ये त्याने कॉलेजातली शरीररचनाशास्त्राची नोकरीसुद्धा सोडली.

त्या काळी ल्युपस व्हल्गॅरिस हा त्वचेचा क्षय माणसाचं नाक, गाल अक्षरशः खाऊन टाकायचा. लोक चेहरा झाकून फिरत. १८९५ मध्ये फिन्सेनने पहिला पेशंट घेतला, तो निघाला इंजिनिअर! आणि उपचार झाले कुठे, तर वीज कंपनीत, कारण कार्बन आर्क दिव्याला लागणारा करंट तिथेच मिळणार.

सेटअप पाहण्यासारखा होता. आर्कचा उजेड भिंगांनी एका ठिपक्यावर आणायचा. पण त्यासोबत उष्णताही येणार, कातडी भाजणार. म्हणून वाटेत पाणी ठेवायचं, ते उष्णता शोषून घेतं. दुसरी अडचण रक्ताची, कारण रक्त प्रकाश अडवतं. म्हणून गार पाणी खेळवलेलं पोकळ भिंग नर्सने कातडीवर दाबून धरायचं, की तिथलं रक्त बाजूला होतं. एका मोठ्या दिव्याभोवती चार पेशंट, एकेका छोट्या डागाला तासभर, असं महिनोन्महिने. १९०१ पर्यंत ८०४ पेशंट झाले, त्यांतले ८३ टक्के बरे.

त्याने देवीच्या रोग्यांना लाल उजेडात ठेवायचीही कल्पना मांडली होती, ती मात्र पुढे टिकली नाही.

एवढं करताना तो स्वतः कायम आजारी. पोटात पाणी साठायचं, शेवटी व्हीलचेअर आली. नोबेल घ्यायला स्टॉकहोमला जाता आलं नाही. १९०४ मध्ये ४३ व्या वर्षी गेला.

गंमत पुढेच आहे. २००५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी त्याची जुनी भिंगं आणि निळा फिल्टर तपासला. ३४० नॅनोमीटरखालचे किरण त्यातून जातच नव्हते! म्हणजे जंतू मारणारे समजले जाणारे छोटे अतिनील किरण पेशंटपर्यंत पोचलेच नव्हते. मग रोगी बरे कसे झाले? क्षयाच्या जंतूंतच पॉर्फिरिन नावाची द्रव्यं असतात. ती प्रकाश शोषतात, त्यातून तीव्र ऑक्सिजन तयार होतो आणि जंतू मरतो, असा त्यांचा निष्कर्ष.

त्वचेचा क्षय आता गोळ्यांनी बरा होतो. पण सोरायसिस आणि कोडासाठी ३११ नॅनोमीटरच्या ट्यूब हॉस्पिटलांत लागतात. डोळ्यांवर गॉगल, सुरुवातीला अगदी छोटा डोस, कातडी लाल झाली की पुढचा डोस कमी किंवा बंद. घरी कुठलाही यूव्ही दिवा आणून हा प्रयोग करायचा नाही, जंतू मारायच्या ट्यूबने तर मुळीच नाही, डोळे आणि कातडी दोन्ही भाजतात.